हायब्रिड ट्रेलरमध्ये थंडीचा मुक्काम : मिशिगनमधल्या एका हंगामाच्या नोंदी

ट्रेलर म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचं, आत मुक्काम करायचं छोटं घर. आमचा जुना, २०१२चा. मधली खोली पक्क्या भिंतींची. पुढच्या आणि मागच्या टोकाला एकेक फळी बाहेर पाडली की तिच्यावर तंबूचा पलंग उभा राहतो. इकडे यालाच हायब्रिड म्हणतात. पॉप-अप हा दुसरा प्रकार, त्यात छप्परही वर उचलतं, पण पलंग असेच. त्यामुळे खालचं जवळजवळ सगळं पॉप-अपवाल्यांनाही लागू आहे. फक्त एक गोष्ट नाही, ती थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या इथल्या सणाच्या, नोंदीत येईल.

आम्ही डेट्रॉईटच्या पश्चिमेला कँटनला राहतो. इथे ऑक्टोबरच्या मध्यावर बहुतेक लोक ट्रेलरच्या नळांत गुलाबी अँटीफ्रीझ (न गोठणारं द्रव, नळ फुटू नयेत म्हणून) भरून त्याला वसंतापर्यंत रामराम करतात. मला थँक्सगिव्हिंगपर्यंत वापरायचा होता. कसा वापरला, काय बिघडलं आणि किती पैसे गेले, ते तसंच्या तसं लिहितोय. आकडे सेल्सिअसमध्ये आहेत. इकडच्या काट्यांवर फॅरनहाइट असतं, मी बदलून घेतलेत.

१४ सप्टेंबर २०२४, शनिवार

सुरुवात फर्नेसपासून, म्हणजे खोली तापवणाऱ्या भट्टीपासून. प्रोपेन गॅसवर चालणारा, २०,००० बीटीयूचा (हे उष्णतेचं इकडचं माप), धूर बाहेर टाकणारा. गॅस उघडला, थर्मोस्टॅट वर केला. पंखा फिरला, वीसेक सेकंदांनी टिक-टिक-टिक, भप्प, आणि विझला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विझल्यावर ज्योत पेटवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाने आपणहून हात वर केले.

मी दोन तास कॉम्प्युटरसमोर बसलो. निदान : इग्निशन बोर्ड गेला. ११० डॉलरचा नवा बोर्ड कार्टमध्ये टाकून झाला होता. बाबा सध्या साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेत. एसटीच्या वर्कशॉपात ३१ वर्षं काढलेला माणूस. ते तोवर ट्रेलरच्या बाहेरच्या अंगाला उकिडवे बसून धुराच्या नळीत टॉर्च मारत होते.

"अरे, कुंभारणीनं घर केलंय यात."

खरंच होतं. नळीच्या तोंडापासून बोटभर आत चिखलाचं घट्ट भेंडोळं. स्क्रू ड्रायव्हरने फोडून काढलं तर आत तीन कप्पे आणि प्रत्येकात बारके कोळी ठासून भरलेले, वाळून कडक झालेले. कुंभारीण माशी पिल्लांच्या खाण्याची सोय करून गेली होती. नळी तारेच्या ब्रशने साफ केली, फर्नेस पहिल्या टिकटिकीला पेटला.

"गाडी ओढत नसेल तर आधी सायलेन्सर बघायचा, मग पंपाला हात लावायचा," एवढं बोलून बाबा चहाला गेले.

खर्च ६ डॉलर, ब्रशचा. बोर्ड कार्टमधून काढला. अशा माश्यांसाठी नळीवर लावायची जाळी मिळते, पण माझ्या फर्नेसच्या पुस्तिकेत जाळीला मनाई आहे, कारण धूर कोंडतो. त्यामुळे ती लावायचीच तर उन्हाळ्यात, ट्रेलर नुसता उभा असताना, आणि फर्नेस पेटवण्याआधी आठवणीने काढायची.

२१ सप्टेंबर, शनिवार

कार्बन मोनॉक्साइड आणि गॅसगळतीचा एकत्र अलार्म काढून मागे बघितलं : २०१२. ट्रेलरबरोबर आलेला तोच. टेस्टचं बटण दाबलं की कोकलायचा, म्हणून मी चालू समजत होतो. बटणाने फक्त भोंगा तपासला जातो, आतला सेन्सर नाही, आणि त्याचं आयुष्य पाच ते सात वर्षांचं असतं. नवा ७५ डॉलर. प्रोपेन हवेपेक्षा जड, खाली साचतो, म्हणून हा अलार्म जमिनीलगत असतो. नेमके तिथेच आपण बूट काढून ठेवतो. ठेवू नका.

जुना पट्टीवाला थर्मोस्टॅट २०वर लावला की खोली १६ आणि २३च्या मध्ये झोके घ्यायची. डिजिटल बसवला, ३२ डॉलर. दोनच वायरी, वीस मिनिटांचं काम. या अख्ख्या प्रकल्पात पहिल्या फटक्यात नीट झालेली बहुधा ही एकच गोष्ट.

१६ ऑक्टोबर, बुधवार, कोजागिरी

पहिली चाचणी घरासमोरच्या ड्राइव्हवेत. गॅरेजमधून वीज घेतली, दोन्ही तंबू उघडले. पुढच्या तंबूत आम्ही दोघं आणि लेक, मागच्यात बाबा. "मागचा तंबू उघडायचाच कशाला? बाबांना मधल्या बाकावर झोपू दे," असं बायको म्हणाली होती. मी म्हटलं, चाचणी म्हणजे चाचणी.

वर्षातला सगळ्यात मोठा पूर्ण चंद्र होता आणि थंडी शून्याच्या जवळ आलेली. ट्रेलरमधल्या शेगडीवर दूध आटवायला ठेवलं. पाऊण तास. केशर, वेलची, बदाम, सगळं यथासांग. बाहेर उभं राहून कप हातात धरला तर वाफ चंद्रापर्यंत जाईल असं वाटत होतं.

ती वाफ चंद्रापर्यंत गेली नाही. ती तंबूच्या कापडाला लागून राहिली. त्यात चार माणसांचा रात्रभराचा श्वास. पहाटे पाचला लेकीच्या कपाळावर थेंब पडला आणि ती उठून बसली. "बाबा, पाऊस." पाऊस नव्हता. तंबूच्या शिवणीतून थेंब ओळीने लोंबत होते.

तीन थर्मोमीटर ठेवले होते (२८ डॉलर). पहाटे पाच वाजता :

मधली खोली १९.
पुढच्या तंबूत डोक्याशी १२.
गादीखाली, फळीवर ४.
आर्द्रता ८४ टक्के.

तिसरा आकडा बघून मला प्रकरण कळलं. मी महिनाभर ऊब कशी वाढवायची याचा विचार करत होतो. ऊब भरपूर आहे, ती फक्त मधल्या खोलीत आहे. तंबूचा पलंग म्हणजे वाऱ्यात लोंबकळणारी पाऊण इंचाची फळी, वर चार इंच स्पंज, आणि त्या स्पंजाला आपण अंगाने दाबून दोन इंच केलेलं. थंडी वरून येत नाही, पाठीखालून येते. बाबांनी रात्री दोन वाजता स्वेटर काढून अंगाखाली घातला होता, अंगावर नाही. बोलले मात्र काही नाहीत.

१९ ऑक्टोबर, शनिवार

उपाय क्रमांक एक. आईने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी आमच्याकडे आहे, दोन बोटं जाड. ती पुढच्या गादीखाली अंथरली. मागच्या गादीखाली बाबांसाठी सामान हलवताना वापरतात ती जाड घोंगडी.

उपाय क्रमांक दोन. आपत्कालीन चांदीची चकचकीत पातळ पांघरुणं, १२ डॉलरला दहा. ती चिकटपट्टीने जोडून दोन्ही तंबूंच्या वर बाहेरून टाकली, कडा बंजीने (हुकवाल्या लवचिक दोरीने) आवळल्या.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

वसाहतीच्या असोसिएशनचं पत्र. ड्राइव्हवेत ट्रेलर ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. पत्राबरोबर माझ्या ट्रेलरचा फोटो, वर चांदी फडफडतेय. दिसतं तरी कसं ते मला त्या फोटोतच कळलं. भाड्याच्या जागेत नेऊन उभा केला. तिथे वीज नाही, म्हणजे यापुढे काम बॅटरीच्या ड्रिलवर आणि दिवसाउजेडी.

२६ ऑक्टोबर, शनिवार

४८ तासांची मुभा वापरून शुक्रवारी रात्री दुसरी चाचणी. बाहेर ३ अंश, वारा बऱ्यापैकी.

चांदी रात्रभर वाजली. चिवड्याची पिशवी कानाशी धरून कुणीतरी चुरगाळत बसावं तशी. तीन वाजता मी बाहेर जाऊन ती ओरबाडून काढली. निम्मी आधीच फाटली होती, उरलेली शेजाऱ्याच्या कुंपणाला. १२ डॉलर अक्कलखाती.

गोधडीने पाठ उबदार राहिली, हे खरं. झोपेपर्यंत मी खूश होतो. सकाळी गादी उचलली तर गोधडीची खालची बाजू ओली. दमट नाही, ओली. पिळली असती तर पाणी निघालं असतं. अंगातली वाफ स्पंजातून खाली जाते, थंड फळीला लागून तिचं पाणी होतं आणि सुती कापड ते पिऊन घेतं. दोन-तीन रात्री हेच चाललं असतं तर आईची गोधडी बुरशीने गेली असती. घरी आणून दोन दिवस ड्रायरसमोर वाळवली. गोधडी अंगावर घ्यायला उत्तम, अंगाखाली नको. निदान फळीला लागून नको.

आर्द्रतेचं एक बरं झालं. या वेळी आत काही उकळलं नाही, आणि छताची झडप बोटभर उघडी ठेवली, मागच्या तंबूची एक चेनही वीतभर. इतक्या धडपडीने गरम केलेली हवा आपल्याच हाताने बाहेर सोडायची म्हणजे जिवावर येतं. पण आर्द्रता ८४वरून ६१वर आली आणि थेंब एकही नाही. फर्नेस थोडा जास्त चालला असेल, चालू दे.

२ नोव्हेंबर, शनिवार, पाडवा

सकाळी ओवाळून, चकल्या खाऊन थेट ट्रेलरवर. पाडव्याची ओवाळणी काय घालणार, असं बायकोने विचारलं तेव्हा माझ्या हातात फोमच्या चटया होत्या. ते तिथेच सोडू.

जिममध्ये जमिनीवर एकमेकींत अडकवून टाकतात त्या अर्धा इंची चटया, ४० डॉलर. हा फोम पाणी पीत नाही, हे महत्त्वाचं. दोन्ही फळ्यांच्या मापाने कापून टाकल्या, वर गादी. कटरपेक्षा सुरीने सरळ कापल्या जातात.

वरच्या बाजूला बुडबुड्यांचं चांदीचं इन्सुलेशन, रिफ्लेक्टिक्स. दोन रोल, १३० डॉलर. तंबूच्या माथ्याच्या मापाचा एकेक तुकडा कापला, कडेला चिकटपट्टी दुमडून तिच्यात दोरी अडकवायला पितळी कड्या ठोकल्या, बंजी ओढून पलंगाच्या खालच्या कांबीला. घट्ट बसतं, वाजत नाही. खिडक्या आणि छताच्या झडपेसाठी उरलेले तुकडे. आधी वर्तमानपत्राचे साचे कापायचे ही अक्कल पहिली खिडकी चुकीची कापल्यावर आली.

फर्नेसच्या हवेला आमच्या ट्रेलरमध्ये एकच तोंड आहे, मधल्या खोलीत, जमिनीलगत. थर्मोस्टॅटही तिथेच. खोली तापली की तो फर्नेस बंद करतो, तंबूचं त्याला काही सोयरसुतक नाही. कॉम्प्युटरमधले १२ व्होल्टचे दोन पंखे (२४ डॉलर) तंबूच्या तोंडाशी छताजवळ बसवले, वरची गरम हवा तंबूत ढकलायला. वाटलं होतं, आवाजाने झोप उडेल. उलट लेकीला तो आवाज आवडतो.

८ नोव्हेंबर, शुक्रवार (लिहितोय शनिवारी)

स्टेट पार्कात वीज नसलेली साधी जागा घेतली, घरापासून पाऊण तास. मुद्दाम. बॅटरीवर एक रात्र निघते का बघायचं होतं.

माझा हिशोब असा : फर्नेसचा पंखा क्लँप मीटरवर ४.२ अँपियर घेतो. ११ तासांत तो निम्मा वेळ चालेल. म्हणजे २३ अँपियर-अवर. दिवे, अलार्म आणि छोटे पंखे धरून ३०. बॅटरीवर लिहिलंय ७५. शिशाची बॅटरी निम्म्याखाली नेऊ नये, तरी चालायला हरकत नव्हती.

पहाटे ३:४०ला जाग आली ती थंड झुळकीने. फर्नेस चालू होता. पंखा फिरत होता, पण कण्हत; आणि जमिनीलगतच्या जाळीतून गार हवा येत होती. टिकटिक नाही, ज्योत नाही. मला वाटलं गॅस संपला. बाहेर जाऊन सिलिंडर हलवला, जड लागला. पुन्हा आत. मग बॅटरीला मीटर लावला : १०.६ व्होल्ट. बॅटरी उतरली होती.

ज्यांचा फर्नेस असा गार हवा फेकतो त्यांच्यासाठी सांगतो. आत एक पातळ पत्र्याची पट्टी असते, सेल स्विच. पंख्याचा वारा पुरेसा असेल तर ती ढकलली जाऊन स्विच लागतो, आणि मगच गॅस सुटतो. पुरेसा वारा नसताना ज्योत लागू नये म्हणून केलेली ती सोय. बॅटरी उतरली की पंखा फिरतो, पण पट्टी ढकलण्याइतका नाही. मग तो इमानेइतबारे खोलीतलीच गार हवा तुमच्या अंगावर फेकत राहतो आणि जाता जाता उरलेली बॅटरीही संपवतो. गॅस भरलेला असून उपयोग नाही. बाहेर १ अंश होता.

गाडी जवळ आणून जंपर केबल लावल्या. शांततेच्या वेळात गाडीचं इंजिन वीस मिनिटं चालवलं. पलीकडच्या तंबूतून एक टॉर्च आमच्याकडे वळला, थोडा वेळ थांबला आणि विझला. फर्नेस पेटला. बाबा गोधडी गुंडाळून बाकावर बसले होते. "बॅटरी कधीची आहे?" मी टॉर्च मारला. २०१७. आधीच्या मालकाची. सप्टेंबरात बाबांनी धुराची नळी दाखवली होती, पण बॅटरीवरची तारीख वाचायचं मला तेव्हाही सुचलं नव्हतं. ७५ हा आकडा मी वाचला होता, शेजारचं वर्ष नाही.

बरी बातमी : गादीखाली ११ अंश. फोम काम करतोय.

१६ नोव्हेंबर, शनिवार

जुनी बॅटरी दुकानात फुकट तपासून दिली, माणसाने नुसतीच मान हलवली. आता लिथियम की शिसं, यावर आठवडा गेला. लिथियम हलकी, पूर्ण वापरता येते, पण शून्याखाली चार्ज करता येत नाही. आत हीटर असलेली घ्यावी लागते आणि तिची किंमत माझ्या ट्रेलरला शोभत नाही. शेवटी गोल्फच्या गाडीतल्या सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या घेतल्या, एकापुढे एक जोडून १२ व्होल्ट. केबल आणि डबा धरून ३१८ डॉलर. या प्रकल्पातला सगळ्यात मोठा खर्च, आणि एखाद्याला एकच गोष्ट करायची असेल तर मी हीच सांगेन.

एकेक बॅटरी २८ किलोच्या आसपास. ती ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर बसते, म्हणजे गाडीच्या हुकवर तेवढा भार वाढला. आपल्या गाडीची मर्यादा बघून घ्या. दुसरी उचलताना माझ्या कमरेत उसण भरली. बाबांनी उरलेलं जोडकाम केलं, टर्मिनलला व्हॅसलिन चोपडून. ते बुधवारी परत जातायत.

२३ नोव्हेंबर, शनिवार

एक जोडप्रयोग. धुराची नळी नसलेला, आतच जळणारा छोटा प्रोपेन हीटर मित्राकडून आणला. प्राणवायू कमी झाला की बंद पडतो, खिडकी उघडी ठेवली, अलार्म चालू. तासाभरात खोली छान तापली आणि आर्द्रता ५८वरून ७९वर. एक किलो प्रोपेन जळलं की दीड लिटरहून जास्त पाणी तयार होतं. फर्नेस ते बाहेर टाकतो, हा आत. परत केला. झोपताना तर तो कधीच लावू नये.

गॅसबद्दल भारतातून येणाऱ्यांना एक गोष्ट माहीत असलेली बरी. आपल्या घरच्या सिलिंडरात ब्यूटेनही असतं, ते शून्याच्या जवळ उकळायचंच थांबतं. इथे जवळजवळ नुसतं प्रोपेन, ते उणे ४२ पर्यंत वायू होत राहतं. म्हणून सिलिंडर उघड्यावर बर्फात उभा असला तरी चालतो. दुकानातून रिकामा देऊन भरलेला घ्यायचा असतो त्या सिलिंडरात बऱ्याचदा २० ऐवजी १५ पौंडच भरलेला असतो. पंपावर जाऊन समोर भरून घ्या.

२७ नोव्हेंबर, बुधवार

बेत होता मिशिगनच्या उत्तरेकडच्या, वरच्या द्वीपकल्पात टाक्वामेननच्या धबधब्याला जायचा. देवदारांच्या दलदलीतून येणारं ते पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं असतं, लेकीला ते बर्फात बघायचं होतं. मध्ये मॅकिनॉचा पाच मैलांचा पूल. वारा वाढला की तिथे उंच गाड्या सोबतीशिवाय सोडत नाहीत. पण पुलाचा प्रश्नच आला नाही. वाटेवरच्या गेलॉर्ड गावाच्या बाजूला सरोवरावरून येणाऱ्या बर्फाचा इशारा लागला. बेत रद्द. घराजवळच्याच पार्कात वीज असलेली जागा घेतली. लेक रुसली. (शुक्रवारी गेलॉर्डला एका दिवसात दोन फुटांच्या आसपास बर्फ पडलं. हायवेवरचे फोटो तिला दाखवले, रुसवा गेला नाही.)

२९ नोव्हेंबर ते १ डिसेंबर

पार्कातलं पाणी हंगामासाठी बंद होतं, आणि आमचे नळ मी आधीच कोरडे केले होते. पिण्याला सात गॅलनचा डबा, तो रात्री खोलीत. टॉयलेटला पाण्याऐवजी गुलाबी अँटीफ्रीझ मगाने. ट्रेलर टेकवायच्या जॅकखाली लाकडाचे ठोकळे, नाहीतर सकाळी ते जमिनीला गोठून बसतात.

पहिली रात्र, उणे ७. वीज होती म्हणून १५०० वॉटचा छोटा हीटर ट्रेलरच्या सॉकेटला लावला. दहाच्या सुमारास सवयीने प्लगला हात लावला तर चटका. सॉकेट पिवळं पडायला लागलं होतं. या सॉकेटांच्या मागे वायरी नुसत्या खोबणीत दाबून बसवलेल्या असतात, तासन्‌तास साडेबारा अँपियर त्यांना झेपत नाही. हीटर बंद. ज्यांना लावायचाच आहे त्यांनी बाहेरच्या खांबावरच्या २० अँपियरच्या सॉकेटवरून जाड एक्स्टेंशन आत घ्यावी.

फर्नेसवर रात्र काढली. पुढच्या तंबूत आम्ही दोघं, १४ अंश, पाठीखाली १०. झोप लागली. मागचा तंबू वाऱ्याच्या तोंडावर होता. रात्री एक वाजता लेक उशी घेऊन आमच्यात आली आणि तिने आपले बर्फाचे पाय माझ्या पोटाला लावले. तिच्या तंबूत ९ अंश होते. पंखा, फोम, चांदी सगळं असून.

सकाळी सिलिंडर न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर ठेवला (हो, घरून आणला होता). रात्रभरात ३.४ किलो गॅस.

दुसरी रात्र, उणे ८. मागचा तंबू मिटला, फळी वर करून कुलूप. लेकीसाठी मधलं टेबल खाली पाडून बाकाचा पलंग केला. मापं तुलनेला यावीत म्हणून हीटर बंदच ठेवला. यावर बायको जे बोलली ते नोंदीत घेत नाही. पुढच्या तंबूत १६, लेकीकडे १८. सकाळी काट्यावर : २.१ किलो.

सव्वा किलोहून जास्त गॅस त्या एका तंबूला तापवण्यात जात होता, आणि तो तरीही तापत नव्हता. १६ ऑक्टोबरची नोंद बायकोने स्वतः वाचून काढली, "मागचा तंबू उघडायचाच कशाला?" या ओळीवर बोट ठेवलं आणि चहा टाकायला उठली. पॉप-अपवाल्यांना हा मार्ग नाही, असं सुरुवातीला म्हटलं ते हेच. पण त्यांनाही एका बाजूची गादी रिकामी ठेवून मध्ये चांदीची भिंत टांगता येईल.

निघताना शेवटची चूक. उणे ६मध्ये पुढचा तंबू मिटत होतो. कापड पुठ्ठ्यासारखं झालेलं. खिडकीचं पारदर्शक प्लॅस्टिक दुमडलं तसा काच तडकल्यासारखा आवाज आला आणि कोपऱ्यापासून हातभर चीर गेली. आधी अर्धा तास फर्नेस मोठा ठेवून, चांदी वर असतानाच कापड मऊ करून घ्यायला हवं होतं. पारदर्शक दुरुस्तीपट्टी १४ डॉलर; दिसते, पण वारा येत नाही.

७ डिसेंबर, शनिवार

ओला मिटलेला तंबू आठवडाभर तसाच ठेवला तर काळे ठिपके पडतात. पुन्हा ड्राइव्हवे, पुन्हा ४८ तास. दोन्ही तंबू उघडून, फर्नेस लावून, गाद्या उभ्या करून वाळवले. मागच्या फळीच्या कडेचा एक पापुद्रा सुटलाय. क्लँप आणि लाकडाचा गोंद.

मग नळांची हंगामबंदी. आधी काम कच्चं केलं होतं, आता पक्कं. गरम पाण्याची टाकी रिकामी करून तिला बायपास, तळाच्या तोट्या उघडल्या, कॉम्प्रेसरने ४० पीएसआय दाबाने हवा मारली, मग पंपाने गुलाबी पाणी प्रत्येक नळातून, गरम आणि थंड दोन्ही बाजूंनी, लाल-गुलाबी येईपर्यंत. चार गॅलन, २२ डॉलर. बॅटऱ्या काढून गॅरेजमध्ये. या वेळी एकेक करून, पाठ सरळ ठेवून.

हंगामभराचा गॅस ६२ डॉलर.

१२ एप्रिल २०२५, शनिवार

पाणी जोडलं. आतले नळ ठीक. टॉयलेट ठीक. पंप मात्र बंद व्हायला तयार नाही, थांबून थांबून गुरगुरतोय. सगळी कपाटं उघडली, पलंगाखाली टॉर्च मारला, कुठे ओल नाही. तासभर.

मग बाहेर गेलो. मागच्या चाकाजवळ पत्र्यावरून पाण्याची धार. तिथे एक छोटं झाकण आहे, त्यामागे बाहेरचा शॉवर. पायाची वाळू धुवायला असतो. आम्ही तो एकदाही वापरलेला नाही. त्यातून गुलाबी पाणी काढायचं राहून गेलं होतं. आतला प्लॅस्टिकचा व्हॉल्व्ह उभा तडकला होता, केसाएवढा.

नवा ३८ डॉलर. जागेचं भाडं आणि पार्कची फी सोडून आजवरचा एकूण खर्च ८०१ डॉलर. बाबांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, धुराच्या नळीत टॉर्च मारून बघितलास का या वर्षी? बघितला नव्हता. बघितला. एका कडेला ओला चिखल, हरभऱ्याएवढा. काढून टाकला आणि उन्हाळ्याची जाळी लावली.